अपान प्रवेशिका

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. वास्तविक या विद्येत नवशिका असा कोणी नसतो. जन्माला आल्यावर पहिल्या दिवसभरातच प्रत्येकाची यात मुंज लागून जाते, आणि तेव्हा कौतुकही होतं. तान्ह्या बाळाचं पोट टम्म फुगलेलं असतं, ते कळवळून रडत असतं. आजी त्याचे पाय पोटाशी दुमडते, बेंबीभोवती हिंगाचं पाणी चोळते आणि एकदाचा आवाज आला की म्हणते, ‘‘शाणं ते माझं बाळ!’’ पुढं चारेक वर्षांत हे कौतुक बंद होतं आणि त्याच पराक्रमाबद्दल पाठीत धपाटा मिळू लागतो. तेव्हापासून माणूस ही गोष्ट रोज करतो, पण तिच्याकडे ढुंकून बघत नाही. नवशिका म्हणायचं ते या अर्थानं.

साहित्य : पोट (स्वतःचं), पेन्सिल, भिंतीवरचं कॅलेंडर. हिंग घरात असतोच.

धडा पहिला : शब्द

मराठीत या विषयाला शब्दांची ददात नाही. ‘पाद’ हा मूळ आणि अस्सल शब्द. तो आता म्हणींत आणि शाळेच्या शेवटच्या बाकावर तेवढा जिवंत आहे. घरात वारा सरतो. वैद्यांकडे गेलात तर त्याचा अपान वायू होतो, म्हणजे थेट पंचप्राणांत बढती. डॉक्टरांकडे तो ‘पास’ होतो. आणि चारचौघांत याचं जे सोवळं रूप चालतं ते म्हणजे ‘गॅसेस’. अनेकवचन महत्त्वाचं. लग्नाच्या पंगतीत हातात जिलबी धरून ‘‘मला गॅसेसचा फार त्रास आहे हो’’ असं मोठ्यानं सांगता येतं, शेजारचे दोघं ‘‘मलाही’’ म्हणतात आणि ओळख वाढते. त्याच पंगतीत मूळ शब्द उच्चारून बघा.

क्रियापदांकडे नीट लक्ष द्यावं. वारा सरतो, म्हणजे येतो आणि जातो. गॅस मात्र धरतो, अडकतो, छातीत दाटतो, डोक्यात चढतो, गुडघ्यात उतरतो. एवढा प्रवास त्याला शरीरशास्त्रानं नेमून दिलेला नाही. आतड्यातल्या हवेला गुडघ्याकडे जाणारी वाट नाही. खालचा दरवाजा सोडला तर तिला एकच गुप्त मार्ग आहे : थोडा हायड्रोजन आणि मिथेन आतड्याच्या भिंतीतून रक्तात विरघळतो आणि फुप्फुसांवाटे श्वासातून बाहेर पडतो. पोटाचे डॉक्टर फुंकर मारायला लावून हायड्रोजन मोजतात, ती तपासणी यावरच चालते. म्हणजे मीटिंगमध्ये ज्यांनी निग्रहानं दाबून धरलं, त्यांच्या भाषणातून त्याचा काही अंश श्रोत्यांपर्यंत पोचतोच.

दाबून धरू नये हे चरकसंहितेनंही सांगून ठेवलं आहे. अडवू नयेत असे तेरा वेग तिथं मोजले आहेत, त्यात जांभई, शिंक, भूक, अश्रू यांच्या रांगेत हाही सन्मानानं बसलेला आहे. आमच्या सासऱ्यांनी चरक वाचलेला नव्हता, पण आचरण तसंच होतं. सासूबाईंना ते मुळीच खपायचं नाही. ‘‘अहो, गॅलरीत!’’ एवढे दोनच शब्द त्या बोलत. चाळीस वर्षांच्या संसारात सासरे त्या गॅलरीत इतक्या वेळा गेले की खालच्या मजल्यावरचे लोक त्यांना निसर्गप्रेमी समजत.

धडा दुसरा : मोजणी

निरोगी माणसाचा वारा दिवसाकाठी साधारण दहा ते वीस वेळा सरतो. हे ऐकल्यावर प्रत्येक जण ‘‘छे, माझं एवढं नाही’’ म्हणतो. झोपेतलं कोणी धरत नाही, आणि ते ऐकणारी व्यक्ती बहुधा सभ्य असते.

आकारमानाचा हिशेबही झालेला आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी दहा धडधाकट स्वयंसेवकांना नेहमीच्या जेवणाबरोबर २०० ग्रॅम डबाबंद बीन्स खायला घातल्या आणि नळी लावून चोवीस तासांचा ऐवज गोळा केला. सगळ्यात कमी ४७६ मिलिलिटर, सगळ्यात जास्त १४९१, मधला आकडा ७०५. बायका आणि पुरुष यांच्यात फरक आढळला नाही. हा शेवटचा निष्कर्ष घरात मोठ्यानं वाचू नये. मी वाचला होता.

मोजणी कशासाठी करायची, तर एकदा वर्गपाठ म्हणून. मिनिॲपोलिसच्या डॉ. मायकेल लेव्हिट यांनी या एका विषयाला आयुष्यातली कित्येक वर्षं दिली. त्यांच्याकडे एक तरुण आला, तो प्रत्येक वेळेची नोंद ठेवायचा. सरासरी दिवसाला ३४. तपासाअंती गुन्हेगार निघालं दूध. १९७६ मध्ये ही हकिकत एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मला ती वाचून स्फूर्ती मिळाली.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या चौकटींतून दुधाचा हिशेब चालतो. नेहमीचा एक लिटर असेल तर काही लिहायचं नाही, जास्त घेतलं तर आकडा, गवळी आला नाही तर ‘खा’, म्हणजे खाडा. मी त्याच चौकटींच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं माझा आकडा टाकू लागलो. रात्री झोपताना एकदाच, बायको बाहेरच्या खोलीत असताना. महिनाअखेरीला गवळी पैसे मागायला आला तेव्हा बायको दारात कॅलेंडर घेऊन उभी होती आणि विचारत होती, ‘‘अकरा तारखेला बावीस लिटर? आमच्याकडे काय बारसं होतं?’’ गवळी प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, ‘‘वहिनी, बावीस लिटर तर माझी म्हसबी देत न्हाई.’’ मला आतून हे सगळं ऐकू येत होतं आणि बाहेर जायचं धैर्य होत नव्हतं.

पण त्याच कॅलेंडरनं निकाल लावला. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात गवळी गावच्या जत्रेला गेला होता. खा, खा, खा. आणि त्या तीन चौकटींत माझे आकडे होते नऊ, आठ, नऊ. बाकी सगळीकडे वीसच्या पुढं. रोज रात्री मोठा पेला भरून साखर-वेलदोड्याचं दूध प्यायची माझी लहानपणापासूनची सवय, ‘दूध पी, ताकद येते’ या संस्कारातली. पण मोठेपणी पुष्कळ जणांच्या लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य कमी होतं. मग दुधातली साखर न पचता तशीच मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात. चहातलं चमचाभर दूध चालतं, दही-ताक बहुतेकांना सोसतं, कारण विरजणानं त्यातली काही साखर आधीच खाल्लेली असते. मी रात्री ताकावर आलो. माझं रोगनिदान जत्रेनं केलं, फी पडली नाही.

धडा तिसरा : वास

यातली बहुतेक सगळी हवा बिनवासाची असते : गिळलेल्या हवेतला नायट्रोजन, थोडा ऑक्सिजन, जिवाणूंनी केलेला हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन. वासाचं सगळं श्रेय एका टक्क्याहूनही कमी असलेल्या गंधकयुक्त वायूंना जातं. हेही लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९९८ साली दाखवलं. सोळा स्वयंसेवकांचे नमुने गोळा केले आणि तीक्ष्ण नाकाचे दोन परीक्षक बसवले. परीक्षकांनी नमुने हुंगून वर्गवारी केली : हा सडलेल्या अंड्याचा, हा कुजक्या भाजीचा, हा जरा गोडसर. माझी पस्तीस वर्षांची नोकरी कंटाळवाणी होती अशी तक्रार मी हे वाचल्यापासून करत नाही. बायकांच्या नमुन्यांत उग्र वायूचं प्रमाण जास्त भरलं, या अभ्यासात पुरुषांचं आकारमान जास्त भरलं, एकंदर हिशेब फिटंफाट झाला.

वासावरून प्रकृती कळते का? बहुतेक वेळा कालचं जेवण कळतं. अंडी, कांदा, लसूण, कोबी, फ्लॉवर आणि आपला मुळा यांत गंधक भरपूर. मुळ्याची कोशिंबीर खाऊन दुसऱ्या दिवशी आरोग्याची चिंता करणं म्हणजे दिवाळीत फटाके उडवून धूर कुठून आला म्हणून विचारणं. एक मात्र लक्षात ठेवावं. घाण वास अचानक सुरू झाला, सोबत अंड्यासारख्या ढेकरा, तेलकट पातळ शौच, आणि हे आठवडाभराहून जास्त चाललं, तर पाण्यातून आलेला जिआर्डिया नावाचा जंतू असू शकतो. शौचाची तपासणी करावी. नुसतं शौच पाण्यावर तरंगलं म्हणून घाबरू नये. ते बहुतेकदा चरबीनं तरंगत नाही, आत अडकलेल्या हवेनं तरंगतं. हेही, सांगायला नको, लेव्हिट यांनीच १९७२ मध्ये सिद्ध केलं होतं.

हिंगाची एक गंमत आहे. ज्या वासाचा बंदोबस्त करायला आपण फोडणीत हिंग टाकतो, त्या हिंगाच्या स्वतःच्या वासाचं मूळही गंधकच. काट्यानं काटा. पिढ्यान्‌पिढ्या आपण अफगाणिस्तान-इराणकडून आलेला हिंग खात आलो आहोत. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात क्वारिंग गावी आपल्या मातीत हिंगाचं पहिलं रोप लागलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये. आणि डबीतला बांधणी हिंग बघाल तर त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. गहू का लक्षात ठेवायचा ते पुढच्या धड्यात.

धडा चौथा : पावटा

‘पादऱ्याला पावट्याचं निमित्त’ ही म्हण आपल्या विषयातला आद्य ग्रंथ मानावा. आधी पावट्याची बाजू ऐकून घेऊ. पावटा, वाल, हरभरा, चवळी, राजमा या मंडळींत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडायला लागणारं पाचक द्रव्य माणसाच्या आतड्यात तयारच होत नाही. कोणाच्याच नाही, त्यात तुमची प्रकृती नाजूक वगैरे भानगड नाही. या साखरा सहीसलामत मोठ्या आतड्यात उतरतात, तिथं जिवाणूंची पंगत बसते, आणि पंगत उठल्यावर जे काही मागं राहतं ते आपण गॅलरीत नेऊन सोडतो.

आपल्या आयाबायांना रॅफिनोज माहीत नव्हतं, पण बंदोबस्त माहीत होता. कडधान्य रात्री भिजत घालायचं, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, पंचात बांधून मोड आणायचे. भिजवलेल्या पाण्यात या साखरांचा बराच भाग निघून जातो आणि मोड येताना दाणा उरलेल्यांतल्या काही स्वतःच खाऊन टाकतो. म्हणून मोडाची मटकी बिचारी सौम्य, आणि घाईघाईत कुकरला लावलेले छोले बोलके. बिरड्यासाठी वाल सोलत बसलेल्या बाईकडे मी आता वेगळ्या आदरानं बघतो.

आता दुसरी बाजू. मिसळीवर चार कांदे चिरून घेणारा माणूस रात्री मटकीला नावं ठेवतो. कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टन नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात, त्याही माणसाला तुटत नाहीत. त्याच साखळ्या गव्हात असतात. लहान आतड्यात गव्हाच्या पिठाचा काही भाग न पचता पुढं जातो, तांदळाच्या पिठाचा जवळजवळ काहीच जात नाही. चार पोळ्यांबरोबर दोन चमचे उसळ खायची आणि उसळीवर खापर फोडायचं, हा शुद्ध अन्याय आहे. पावट्याला दरवेळी पकडून आणतात कारण त्याच्यावर म्हण आहे. पोळीवर म्हण नाही.

कडधान्य सोडू नये. थोडं थोडं वाढवत गेलं की तीन-चार आठवड्यांत आतड्यातली पंगत शिस्तीला येते. जिवाणूंना फुकट जेवू घालणं हा तोट्याचा व्यवहारही नाही. ते त्या बदल्यात जी आम्लं तयार करतात त्यांवर मोठ्या आतड्याचं अस्तर पोसलं जातं. ज्यानं वारा मुळीच सरत नाही असं आहाराचं आदर्श पत्रक करायचं तर त्यात भात, साखर आणि उदासी एवढंच उरेल.

धडा पाचवा : आवाज

आवाजावरून प्रकृतीबद्दल काहीही कळत नाही. दाराची फट किती आणि हवेला घाई किती, एवढाच प्रश्न. पॅरिसच्या मुलाँ रूजमध्ये १८९२ पासून जोसेफ पुजोल नावाचा माणूस सुटाबुटात उभा राहून नुसत्या या आवाजांवर प्रेक्षागृह भरवायचा. तो पोटातला वायू नव्हे, बाहेरची हवा आत ओढून घेऊन सोडायचा, म्हणून त्यात वासाची तक्रार नव्हती. धडा संपला.

धडा सहावा : गोळी

‘गॅसची गोळी’ या नावानं आपल्याकडे जी गोळी सकाळी अनशापोटी घेतली जाते ती गॅसची नसते. ती आम्लाची असते. जठरातलं आम्ल कमी करणं हे तिचं काम, आणि आम्लाचा त्रास असेल तर ते ती चोख करते. मोठ्या आतड्यात पावट्यावर बसलेल्या पंगतीशी तिचा काडीचा संबंध नाही. दहा-दहा वर्षं लोक ती खिशात घेऊन हिंडतात, आणि ‘‘गोळी घेऊनही गॅस होतोच’’ म्हणून दुसरी मागतात.

फ्रूट सॉल्टचं त्याहून मजेदार आहे. पाण्यात पुडी टाकली, फसफसली, प्यायलो, आणि मिनिटाभरात अशी खणखणीत ढेकर आली की सगळं घर ‘‘निघाला, निघाला’’ म्हणालं. निघाला तो कोण? पुडीतला सोडा आम्लाला भेटून झालेला कार्बन डायऑक्साइड. म्हणजे आपण पैसे देऊन गॅस विकत घेतला, गिळला आणि परत केला. आतला होता तो तिथंच आहे, ही देवाणघेवाण ऐकत.

आणि ज्यांना गॅसेसचा कायमचा त्रास आहे त्यांच्या पोटात जास्त गॅस असतो का? १९७५ साली आरगॉन वायू आतड्यातून खेळवून आतली हवा धुऊन काढून मोजली गेली. तक्रार करणारे आणि न करणारे, दोघांच्या आतड्यात जवळपास सारखाच, पेलाभर. फरक होता तो आतड्याच्या हालचालीत आणि सोसण्यात. तक्रार खोटी नव्हती, नाव चुकीचं होतं. पोट दुखत होतं ते खरंच दुखत होतं.

धडा सातवा : छाती

हा धडा हसून वाचू नये. माझे मामा एका लग्नाहून आले, छातीत मधोमध दाबल्यासारखं व्हायला लागलं. ‘‘गॅस अडकलाय’’ म्हणाले. सोडा प्यायले, ढेकर आली, जरा बरं वाटलं असंही म्हणाले. मामेभाऊ पंखा पाचवर करायला उठला आणि त्याला दिसलं की मामांचा बनियन पिळून काढावा इतका घामानं भिजलाय, डिसेंबर महिन्यात. तासाभरात ईसीजी झाला, रात्री अँजिओप्लास्टी. तिसऱ्या दिवशी शुद्धीत, पलंगावर बसून ते म्हणाले, ‘‘म्हणजे तो गॅस नव्हता तर?’’ आवाजात थोडी निराशा होती.

हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडलं तर दुखणं पोटाच्या वरच्या भागात येतं, मळमळतं, ढेकराही येतात. बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत तर छातीत न दुखताही हे होतं. घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, जिना चढताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं : यांतलं काहीही असेल तर ओवा शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा. ईसीजीला पाच मिनिटं लागतात आणि तो गॅस निघाला तर कोणी हसत नाही.

धडा आठवा : शांतता

आतापर्यंत जे शिकलो ते सगळं येणाऱ्या वाऱ्याबद्दल. न येणाऱ्याबद्दल थोडं. त्याआधी, ज्या गोष्टी दिसल्या तर हिंग-ओवा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं त्या घाईघाईत सांगतो : विनाकारण उतरलेलं वजन, शौचातून रक्त, रक्तातलं हिमोग्लोबिन कमी, पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली शौचाची सवय, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब. आणि पन्नाशीपुढच्या बाईचं पोट रोज फुगलेलं राहू लागलं तर ‘गॅस धरला’ म्हणून महिनोन्‌महिने काढू नयेत, सोनोग्राफी करावी. अंडाशयाचा कर्करोग असाच गुपचूप येतो.

आता सासरे. गेल्या वर्षी एका मंगळवारी ते दिवसभर गॅलरीत गेले नाहीत. सासूबाई संध्याकाळी फोनवर बायकोला म्हणाल्या, ‘‘आज अगदी शांत आहेत गं, पथ्य पाळलेलं दिसतंय.’’ बुधवारी सकाळी त्यांचं पोट ढोलासारखं फुगलं, हिरव्या उलट्या सुरू झाल्या. शौच नाही आणि वाराही नाही. डॉक्टरांनी पोटावर बोट आपटून आवाज ऐकला, फोटो काढला आणि दुपारी शस्त्रक्रिया केली. आतड्याला पीळ पडला होता. वारा सरतो तोवर रस्ता बहुधा खुला असतो. तो पूर्ण बंद झाला आणि उलटी सुरू झाली तर वेळ तासांत मोजायची असते.

शस्त्रक्रियेनंतर आतडी झोपून राहतात. छोटं आतडं लवकर जागं होतं, मोठं दोन-तीन दिवस घेतं. या काळात अख्ख्या वॉर्डात एकच प्रश्न फिरतो. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर विचारतात, ‘‘आजोबा, वारा सरला?’’ दहा वाजता सिस्टर विचारतात. दुपारी झाडू मारणाऱ्या मावशी विचारतात. भेटायला आलेले शेजारी आधी नारळपाणी ठेवतात आणि मग विचारतात. नागपूरहून चुलतसासऱ्यांचा फोन येतो, तोही याचसाठी. जन्मभर गॅलरीत पाठवलेला माणूस पलंगावर पडून सगळ्यांना ओशाळून सांगत होता, ‘‘अजून नाही हो.’’ ओठ सुकले होते, कापूस ओला करून पुसायचे.

शुक्रवारी पहाटे पाचला मी खुर्चीत पेंगत होतो. सासूबाई शेजारच्या बाकावर जपमाळ घेऊन. खोलीत एक बारीक, लांबलेला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज झाला. सासऱ्यांनी सवयीनं दचकून बायकोकडे पाहिलं आणि गॅलरी शोधायला मान वळवली.

सासूबाईंची जपमाळ थांबली. त्या उठल्या, पलंगाशी गेल्या, त्यांच्या पोटावरची चादर सारखी केली आणि हळूच म्हणाल्या, ‘‘आणखी एकदा होतंय का बघा ना.’’